एड वॉल्श: ईआरए १.८२, तरी विजय फक्त १९५?

चेंडूफळी: बेसबॉलमध्ये मुख्यतः शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळलेला पिचर (चेंडू टाकणारा) एड वॉल्श (१९०४–१९१७), त्याच्या कारकिर्दीचा ईआरए १.८२, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खाती दोन धावासुद्धा नाहीत. मोठी कारकीर्द असलेल्या पिचरांत याहून कमी कुणाचाच नाही. मग विजय इतके कमी का? १९१० मध्ये तर ईआरए १.२७, आणि १८ विजय, २० पराभव! छपाईची चूक?

आकडेमोड: चूक नाही. विजय नावावर लागायला आपल्या टीमनेही धावा काढाव्या लागतात. १९१० मध्ये व्हाइट सॉक्सची बॅटिंग सरासरी होती .२११, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम २१ हिट. त्याआधी २ ऑक्टोबर १९०८ ला क्लीव्हलंडविरुद्ध वॉल्शने १५ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि तो ०-१ हरला. पलीकडून ॲडी जॉसने परफेक्ट गेम टाकला होता, एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही: २७ आले, २७ गेले.

बाकी व्हाइट सॉक्स ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगने ईआरए अधिकृतपणे मोजायला घेतला १९१३ पासून. आधीचे आकडे नंतर काढलेले आहेत.

ओली_शिवण: खरं उत्तर वॉल्शच्या दमलेल्या हातात आहे. १९०८ मध्ये ६६ सामने, ४६४ इनिंग, ४० विजय. ४९ सामने सुरू केले, त्यातले ४२ स्वतःच संपवले. उरलेल्या १७ मध्ये मधूनच बोलावणं. १९११ आणि १९१२ मिळून पुन्हा साडेसातशेच्या वर इनिंग. १९१३ मध्ये शंभरही नाहीत. खांदा गेला, वय ३२. १९५ पैकी १८२ विजय १९१२ पर्यंतचेच आहेत.

चेंडूफळी: हात स्पिटबॉलने (लाळेने ओला करून टाकलेल्या चेंडूने) गेला का?

ओली_शिवण: दोष ओझ्याचा, असं माझं मत. स्पिटबॉलमध्ये पहिल्या दोन बोटांखालची जागाच ओली करायची, अंगठा कोरडा. सुटताना बोटं घसरतात, उलटी फिरकी जवळजवळ लागत नाही, आणि वेगात आलेला चेंडू बॅटरपुढच्या प्लेटपाशी एकदम खाली बसतो. ओल अंगठ्याखाली पसरली की दिशा गेलीच. लाळ सुटावी म्हणून पिचर स्लिपरी एल्मची साल चघळत. बॅट चेंडूच्या माथ्यावर लागते, फटका जमिनीलगत जातो, बऱ्याचदा थेट पिचरकडे. १९०७ मधले वॉल्शचे २२७ असिस्ट (चेंडू अडवून साथीदाराकडे फेकून बाद करायला केलेली मदत) हा पिचरांमधला विक्रम त्यातूनच आला.

आकडेमोड: आणि स्पिटबॉलवरच्या बंदीचाही संबंध नाही. ती १९२० ची. तेव्हा वॉल्श निवृत्त होता. १७ जुन्या पिचरांना सूट मिळाली, त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला.