टुआचा तो पास
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) दडपण झेपत नाही, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. जानेवारी २०१८ मधली अलाबामा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या संघांमधली राष्ट्रीय फायनल आठवा. अलाबामा ०-१३ ने मागे, म्हणून मध्यंतरानंतर पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. त्याचा एक पास इंटरसेप्टही झाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच झेलला. ओव्हरटाइममध्ये तीन गुणांची पिछाडी, त्यात पहिल्याच प्लेला सॅक (पास फेकण्याआधीच पाडलं), थेट १६ यार्ड मागे! पोरगा तरी डगमगला नाही. आधी दुसरीकडे बघत सेफ्टीला (सर्वात मागच्या बचावपटूला) तिथेच खिळवलं, मग डाव्या कडेने सुसाट निघालेल्या डेव्होन्टा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाऊन (थेट गुण मिळवून देणारा) पास. इतका जबर सॅक खाल्ल्यावरही नजर अशी ताब्यात ठेवणं मला हाताच्या ताकदीपेक्षा मोलाचं वाटतं. सामना २६-२३ असा खिशात. आणि तो पास झेलणारा स्मिथसुद्धा पहिल्याच वर्षाचा होता.