पुरुषांच्या अवयवांत ‘नॉर्मल’ कुठपर्यंत? माहितीपत्रकासाठी नेमकी माहिती हवी

कोलशेत_कट्टा:
वागळे इस्टेटमधल्या कामगारांसाठी आमचं मंडळ चार पानी पत्रक काढतंय. वाचणारे १८ ते ४० वयाचे पुरुष. लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, तिरकेपणा, नसांची कमजोरी’ असली स्टिकर ढिगाने दिसतात, साधी खरी माहिती मात्र मराठीत हाताशी नसते. आलेल्या चिठ्ठ्यांमधले प्रश्न असे: एक वृषण खाली लोंबतं, ते चालतं का? लिंगाच्या टोकाभोवती बारीक दाण्यांची रांग असते ती काय? वाकडेपणा किती चालतो, लांबी किती असावी, कातडी मागे जात नसेल तर? आणि धावत कधी जायचं? आकडे आणि कारणं हवीत. ‘डॉक्टरांना भेटा’ एवढंच लिहून सोडू नका.

मूत्रशल्य_ठाणे:
पहिलं पान एकाच गोष्टीला द्या. वृषणात अचानक जोराची कळ, सोबत मळमळ किंवा उलटी, वृषण वर ओढलेलं आणि आडवं झालेलं. हा वृषणाला पडलेला पीळ असू शकतो. वृषण ज्या दोरीला लटकतं तिच्यातूनच त्याला रक्त मिळतं. दोरी पिळली गेली की रक्त बंद. सुरुवातीच्या साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, त्यापुढे प्रत्येक तासाला आशा कमी होत जाते. वयात येणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं, पण तिशीतही होतं. लाजेपोटी मुलगा ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, कधी दुखणं खरोखरच ओटीपोटात जाणवतं, आणि वेळ तिथेच जातो.

घरच्यांनी काय करायचं तेही छापा. वेदनाशामक देऊन सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. काही खाऊ-पिऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागेल. नेहमीचा डॉक्टर लांब असेल तर घोडबंदर रोडच्या गर्दीत अडकण्यापेक्षा जिथे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर २४ तास चालू आहे असं जवळचं रुग्णालय गाठा. निघताना फोन करून विचारा, वाहन नसेल तर १०८. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून दोन्ही बाजूंची वृषणं टाक्यांनी आत पक्की करतात, कारण ज्या सैलपणामुळे एक पिळलं तो बहुधा दुसऱ्या बाजूलाही असतो.

आता चिठ्ठ्या. डावं वृषण उजव्यापेक्षा खाली असणं हे बहुसंख्य पुरुषांत दिसतं. आकारात थोडा फरकही चालतो. थंडीत पिशवी आक्रसते, उकाड्यात सैल पडते. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, त्यासाठीच ही सोय आहे. पिशवीच्या मधोमध जाणारी गडद शिवण जन्मजात असते.

महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असताना, एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघायचं. ते सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागतं. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा उंचवटा असतो. ती शुक्रनलिकेची गुंडाळी. तिला गाठ समजून घाबरणारे खूप असतात, म्हणून चित्र नक्की टाका. शोधायचं ते वृषणाच्या अंगातच असलेलं कडक, बहुधा न दुखणारं टेंगूळ. दुखत नाही म्हणून सोडून देणं हीच इथली सर्वांत महाग चूक. वृषणाचा कॅन्सर तरुणांत होतो आणि लवकर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. लहानपणी वृषण पिशवीत उतरलेलं नसेल तर धोका जास्त. आठवड्याच्या आत पिशवीची डॉपलर (रक्तप्रवाहही दाखवणारी) सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे घटक) बघतात. पिशवीतून सुई टोचून तुकडा काढू द्यायचा नाही, त्याने रोग पसरायच्या वाटा बदलतात. वृषण काढायचं झालं तर जांघेतून काढतात. नवी मुंबईकरांसाठी टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र जवळ आहे.

कोलशेत_कट्टा:
डाव्या बाजूला ‘गांडुळांचा गोळा’ लागतो अशीही एक चिठ्ठी आहे.

मूत्रशल्य_ठाणे:
व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा. साधारण १५ टक्के पुरुषांत असतं, बहुतेक डावीकडे. डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त मागे साचतं. उभं राहिल्यावर फुगतं, झोपल्यावर ओसरतं. दुखत नसेल, वृषण बारीक होत नसेल आणि मूल होण्यात अडचण नसेल तर ऑपरेशन लागत नाही. झोपूनही ओसरलं नाही, किंवा फक्त उजवीकडे नव्याने आलं, तर पोटाचीही सोनोग्राफी करा. मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब देत असू शकते. पिशवी पाण्याने फुगली तर तो हायड्रोसील. टॉर्च लावला की लालसर उजेड आरपार दिसतो, पण तरुणात सोनोग्राफी तरीही हवी, कारण पाण्याच्या आड गाठ लपते. आपल्याकडे हत्तीरोग हेही त्याचं एक कारण.

त्वचा_ओपीडी:
दाण्यांबद्दल. टोकाच्या कडेने एक-दोन ओळींत, १-२ मिलिमीटरचे, सगळे एकसारखे, गुळगुळीत दाणे असतील तर तो आजार नाही. संसर्गही नाही. ते कुणाकडून येत नाहीत, कुणाला लागत नाहीत. दांड्यावर आणि पिशवीवर पिवळट ठिपके दिसतात त्या तेलाच्या ग्रंथी, तशाच ओठांवरही असतात. पिशवीवरचे जांभळट लाल टिपके म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खरवडले तर रक्त येतं, एरवी निरुपद्रवी.

मस्सा वेगळा ओळखू येतो: ओळ नसते, आकार वेडेवाकडे, फुलकोबीसारखा खडबडीत पृष्ठभाग, आणि संख्या वाढत जाते. घरी चुना किंवा ॲसिड लावून कुठलाही दाणा जाळू नका. जखमेचं मात्र दाखवाच, न दुखणारी असली तरी. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, आजार मात्र आतच राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं, नाव गुप्त राहतं. १०९७ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं.

मेडिकल_रबाळे:
पावसाळ्यात जांघेतल्या खाजेसाठी लोक काउंटरवर येऊन ‘ती ट्यूब’ मागतात, आणि तिच्यात बहुधा क्लोबेटासोल असतं. हे तीव्र स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरते, तिची कडा पुसट होते आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी आधीच पातळ, त्यावर कायमचे चट्टे पडतात. पत्रकात लिहा की ट्यूबवर बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन (हेही स्टिरॉइडच) लिहिलेलं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका. ओली चड्डी बदला, टॉवेल वेगळा ठेवा.

जिमवाल्यांसाठीही एक ओळ हवी. बाहेरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की मेंदूकडून वृषणाला जाणारा आदेश बंद होतो. वृषणं बारीक होतात, शुक्रजंतू कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला महिने लागतात.

मूत्रशल्य_ठाणे:
रबाळ्यांचा मुद्दा चौकटीत छापा.

राहिली लांबी. २०१५ साली १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला: ताठरतेत सरासरी १३.१२ सेंटिमीटर, सैल असताना ९.१६. सैल लांबीवरून ताठर लांबीचा अंदाज बांधू नका. मोजताना पट्टी वरच्या बाजूने लिंगाच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंत दाबायची, नाहीतर पोटाच्या चरबीत दोन-तीन सेंटिमीटर हरवतात. तेल, पंप, गोळ्या यांनी लांबी वाढत नाही.

जन्मापासूनचा थोडा बाक असतोच. संबंधाला अडचण येत असेल, किंवा बाक साधारण ३० अंशांच्या पुढे असेल, तर दाखवा. चाळिशीच्या आसपास नव्याने आलेला बाक, आत कडक पट्टा आणि दुखणं, हे मात्र लवकर. मूत्राचं तोंड टोकाच्या थोडं खाली असणं हा जन्मजात प्रकार आहे. धार सरळ पडत असेल आणि बाक नसेल तर मोठेपणी बहुधा काही करावं लागत नाही.

कातडी मागे जात नसेल तर जोर लावू नका. चिरा पडतात, चिरांचे व्रण होतात, आणि व्रणाने ती आणखी घट्ट होते. डॉक्टर स्टिरॉइडचं मलम ४ ते ८ आठवडे देतात, त्याने बऱ्याच जणांचं काम होतं. वारंवार चिरा किंवा लाली येत असेल तर रक्तातली साखर तपासा, मधुमेह कधी कधी इथूनच सापडतो. पांढरे, कडक चट्टे असतील तर वेगळा आजार, तोही दाखवा. आतून साध्या पाण्याने धुवा, डेटॉल नको.

मागे नेलेली कातडी पुढे आणायला विसरलं आणि ती टोकामागे अडकली, तर सूज वाढत जाऊन रक्त अडतं. टोक मुठीत धरून ५-१० मिनिटं सलग दाबा, सूज उतरली की कातडी पुढे ओढा. नाही आली तर लगेच कॅज्युअल्टी. ४ तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता आणि संबंधात ‘कट्’ आवाज होऊन आलेली काळी-निळी सूज, यांनाही तीच वाट.

कोलशेत_कट्टा:
पहिलं पान पिळाचंच करतो. मागच्या पानावर १०८, १०९७ आणि जवळच्या २४ तास थिएटरवाल्या रुग्णालयांचे फोन. ते छापण्याआधी प्रत्येक ठिकाणी रात्री फोन लावून खात्री करून घेतो.