नेपल्सच्या जॅकेटचा खांदा: चुण्या नेमक्या येतात कुठून?

धावदोरा:
नेपल्सच्या हातशिलाईच्या जॅकेटला जो 'स्पाल्ला कामीचा', म्हणजे शर्टासारखा खांदा असतो, त्याबद्दल विचारायचंय. बाहीच्या माथ्यावरच्या बारीक चुण्या मुद्दाम घालतात की आपोआप पडतात? कच्च्या नमुन्यात बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या भोकापेक्षा, ५ सेंमी जास्त ठेवला, खांद्याचा पॅड काढून टाकला. तरी चुण्या सगळ्या पुढे गोळा झाल्यात आणि बाहीच्या मागच्या बाजूला तिरक्या ओढी दिसतायत. कापड पीळदार, घट्ट विणीचं लोकरी वर्स्टेड आहे. चुकतंय कुठे?

उरेब:
या दोन वेगळ्या चुका आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका.

मागची ओढ घेरामुळे नाही, बाहीच्या रोखामुळे येते. माणसाचा हात बाहीच्या रोखापेक्षा मागे लटकत असेल तर बाही मागच्या बाजूला मोडते. कच्चा टाका उसवा, बाही अर्धा ते एक सेंमी मागे फिरवा, पुन्हा टाचा आणि अंगावर घालून बघा. अर्ध्या सेंमीनेही फरक दिसतो.

चुण्यांचं म्हणाल तर ५ सेंमी हा आकडा फ्लॅनेल किंवा ट्वीडला शोभतो. सैल विणीचं लोकरी कापड वाफेने आक्रसतं, जास्तीचा घेर पिऊन टाकतं. पीळदार वर्स्टेड तसं आक्रसत नाही. त्याला ३ सेंमीच्या आसपास थांबा, नाहीतर जास्तीचं कापड वाट मिळेल तिथे उभं राहतं. काखेखालच्या भागात जास्तीचा घेर अजिबात घालायचा नाही. तिथे बाही आणि मुंढा मापाला माप जुळले पाहिजेत. उरलेला घेर माथ्यावर वाटायचा, पुढच्यापेक्षा मागे थोडा जास्त.

आणि बाही हाताने, उलट टाक्याने बसवा. मशिनचे दात खालचं कापड ओढतात, वरचं ढकलतात, त्यात घेराची वाटणी बिघडते. तुमच्या चुण्या पुढे गोळा झाल्या त्याचं कारण बहुतेक हेच.

काजवाला:
'मुद्दाम की आपोआप' याचं उत्तर मुंढ्यात आहे. नेपल्सचा मुंढा लहान आणि काखेत वर चढलेला असतो, म्हणून हात उचलला तरी जॅकेटचं अंग वर येत नाही. पण दंडाला हलायला जागा हवी, ती बाहीच्या मोठ्या घेरातून मिळते. मोठा घेर लहान भोकात बसवला की चुणी आलीच. आता काही ठिकाणी मुंढा मोठाच ठेवून वर नुसत्या चुण्या घालतात. दिसायला नेपल्स, हात उचलला की जॅकेट कानाशी!

दुसरं म्हणजे शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेलं कापड, कुठल्या बाजूला वळवलीत? स्पाल्ला कामीचामध्ये ती खांद्याच्या बाजूला, आत वळते, त्यामुळे बाही खांद्याखालून निघाल्यासारखी दिसते. माया बाहीत वळवून तिथे वॅडिंगची, म्हणजे मऊ भरावाची, पट्टी दिली की माथा उचलला जातो. तो 'कॉन रोल्लीनो'. दोन्ही नेपल्सचेच, पण तुम्हाला हवाय तो पहिला. त्यात पट्टी चालत नाही.

धावदोरा:
माया बाहीतच होती! अजून एक. पॅड काढल्यावर छातीही सपाट पडली. कॅनव्हास, म्हणजे आतलं आधाराचं कापड, ठेवायचा की नाही?

उरेब:
ठेवायचा! 'आत काहीच नसलेलं जॅकेट' हा गैरसमज आहे. पॅड जातो, कॅनव्हास राहतो, फक्त हलका होतो. लोकरीचा कॅनव्हास, छातीवर घोड्याच्या केसाचा तुकडा. कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पुढे कधीतरी तो आत आक्रसेल आणि पुढचा भाग फुगेल. छातीची गोलाई कॅनव्हासमधल्या चिरा आणि इस्त्रीतून येते. पॅडचा तिथे काही संबंधच नव्हता.

मागचा खांदा पुढच्यापेक्षा दीड ते दोन सेंमी लांब कापा आणि तो फरक शिवणीत वाफेने जिरवा. पाठीच्या फऱ्यांना जागा तिथूनच मिळते. पॅड नसताना हे चुकलं तर मानेमागे आडवी घडी पडते.

काजवाला:
लॅपलचंही, म्हणजे छातीवर बाहेर वळणाऱ्या कडेचंही, सांगून ठेवतो. आतले तिरके टाके साधारण सेंमीभराच्या अंतराने, आणि टाका घालताना लॅपल बोटावर वाकवलेली हवी. तसं केलं की कॅनव्हास कापडापेक्षा किंचित लांब राहतो आणि लॅपल स्वतःहून वळते. सुईने वरच्या कापडाचा एखादा धागाच उचलायचा. दोरा खेचलात तर पलीकडे खळगे दिसतात, इस्त्रीने ते जात नाहीत. वळणरेषेवरची पट्टी थोडी आखूड लावा म्हणजे लॅपल छातीला चिकटून राहते. तीन बटणांपैकी वरचं लॅपलच्या वळणात जाणार असेल तर ती घडी इस्त्रीने कधीही दाबू नका.

मापपट्टी:
थोडं विषयांतर, पण नमुना शोधताना उपयोगी पडेल. 'इटालियन जॅकेट' हा एकच प्रकार नाही. मऊ खांद्याचं जॅकेट नेपल्समध्ये १९३० च्या दशकात घडलं, जेन्नारो रुबिनाच्ची यांच्या 'लंडन हाउस'मध्ये व्हिन्चेन्झो अत्तोलिनी यांच्या कात्रीतून. रोमचा खांदा बांधीव. १९४५ मध्ये तिथे सुरू झालेल्या ब्रियोनीचं काम बघा. फ्लॉरेन्सच्या कापात पुढच्या अंगाला डार्टच (आकार देणारा शिवलेला चिमटा) नसतो, तर नेपल्सचा पुढचा डार्ट पुष्कळदा थेट खालच्या कडेपर्यंत उतरतो. तुमच्या नमुन्यात पुढचा डार्ट खिशाशीच थांबत असेल तर तो दुसऱ्या घराण्याचा कागद असू शकतो. मुंढ्याची खोली आधी मोजा, मगच बाहीला हात लावा.