मदत हवी आहे: गोल शिवणीत चुण्या पडतात, आणि तीन नवी तंत्रं एकत्र धरू का?

नमस्कार मंडळी,

क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी रजई शिवणं) करणाऱ्यांचं मार्गदर्शन हवंय. आजवर मी चौकोन, पट्ट्या आणि अर्ध्या चौकोनाचे त्रिकोण यांच्या पलीकडे गेले नाही. पाव इंचाची माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) आता न मोजता सुटते, कोपऱ्याला कोपरा जुळतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. म्हणून पलंगाच्या नव्या क्विल्टसाठी न येणाऱ्या तीन गोष्टी मुद्दाम घेतल्यात: ड्रंकर्ड्स पाथचे गोलाईचे ब्लॉक (पाव वर्तुळ बसवलेले चौकोनी भाग), मधल्या ताऱ्यासाठी पेपर पीसिंग (कागदावरच्या रेषांवर तुकडे शिवणं), आणि वरून फ्री मोशन क्विल्टिंग (कापड हातानं हवं तसं फिरवत टाके घालणं). (हे संपणार कधी, असं घरात विचारून झालंय. इथे तरी नको.)

घोडं अडलंय गोलाईवर. पाव वर्तुळाचा तुकडा आणि त्याच्याभोवतीचा खोलगट तुकडा, दोन्ही एकाच साच्याच्या जोडीवरून कापलेत. मधोमध एक टाचणी, दोन्ही टोकांना एकेक. पहिला अर्धा भाग छान जातो, शेवटच्या इंचभरात कापड उरतं आणि चुणी पडतेच. इस्त्री केली की ब्लॉकची एक बाजू पोट काढते. कापड सुती, नेहमीचंच.

पेपर पीसिंगमध्ये तुकडा उलटला की कोपरा उघडा राहतो. फ्री मोशनमध्ये वरून टाके बरे दिसतात, पण मागे वळणावळणावर दोऱ्याचे फास.

चुण्यांचं कारण काय? आणि तिन्ही एकत्र धरू की एकेक? "आधी सोपं करून बघा" मात्र सांगू नका, तिथूनच आलेय.

प्रतिसाद १

ताई, हिशोब करून बघा. समजा तयार गोलाईची त्रिज्या ३ इंच आहे. पाव इंच माया धरली की पाव वर्तुळाची कड ३.२५ इंच त्रिज्येची होते आणि खोलगट तुकड्याची २.७५ इंचाची. म्हणजे कापलेल्या कडा साधारण ५.१ आणि ४.३ इंच. शिवणरेषेवर मात्र दोन्ही सारख्याच, ४.७ इंच. आपण कडेला कड लावत जातो आणि पाऊण इंचाहून जरा जास्तच फरक शेवटी साठतो. त्रिज्या कितीही घ्या, माया तीच असेल तर फरकही तेवढाच. म्हणून ब्लॉक जितका लहान तितका त्रास जास्त. हात बसेपर्यंत मोठी गोलाई घ्या.

शिवताना खोलगट तुकडा वर ठेवा. त्याच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक काप द्या, पण मायेच्या निम्म्यापर्यंतच. मग एका वेळी इंचभर कड जुळवायची, तेवढं शिवायचं, सुई कापडात खाली ठेवून थांबायचं आणि पुढचा इंच जुळवायचा. वरचं कापड ओढलंत की संपलं. गोलाईवर कापड उरेब (विणीला तिरकं) असतं, ते ताणलं जातं, आणि ब्लॉकचं पोट तिथूनच सुरू होतं. कापायच्या आधी स्टार्च लावून इस्त्री करा. शिवल्यावर इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

खोलगट तुकड्याच्या बाहेरच्या दोन सरळ बाजू अर्धा इंच जास्त ठेवा आणि शिवल्यावर ब्लॉक मापात छाटा. मी तर नेहमीच तसं करते. कापड थोडं वाया जातं, डोकं शांत राहतं.

प्रतिसाद २

टाचण्यांबद्दल माझं मत वेगळं. मी फक्त मधली लावते, टोकं बोटांनीच धरते. टाचण्यांच्या गर्दीत मला कड दिसतच नाही.

पेपर पीसिंग: टाका १.५ मिमी ठेवा म्हणजे कागद सहज फाटतो. सुई जरा जाड, ९०/१४ नंबरची. तुकडा सगळीकडून अर्धा इंच तरी मोठा हवा. शिवण्याआधी रेषेवर टाचणी लावा, तुकडा उलटून उजेडात धरा. कागदावरची पुढची घरं मायेसकट झाकली जात असतील तरच मशीनखाली न्या. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, पण तारा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर सोडून द्या.

फास वरच्या दोऱ्याचे आहेत. वळणावर हात जोरात फिरतो, मशीनचा वेग तोच राहतो, आणि वरचा दोरा मागे खेचला जातो. हात संथ, मशीन जरा वेगात. दोरा ओवताना प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर होता ना? खाली असेल तर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, मग दोऱ्याचा ताण बदलायची कळ कितीही फिरवा.

प्रतिसाद ३

एकत्र धरायला हरकत नाही, क्रम तेवढा नीट लावा. आधी तारा. कागदावर शिवलेला ब्लॉक बराचसा नेमक्या मापाचा निघतो, आणि गोलाईचे ब्लॉक मोठे ठेवून त्याच्या मापाला छाटता येतात. उलट केलंत तर ताऱ्याची टोकं कापली जातील. ताऱ्याच्या चारही बाजू शेजारच्या ब्लॉकला जोडल्या गेल्या की मगच कागद काढा, नाहीतर उरेब कडा ताणतात.

फ्री मोशन तसंही शेवटीच येतं. तोवर उरलेल्या बॅटिंगचे (रजईतल्या भरणीचे) तुकडे दोन कापडांत घालून त्यावर हात फिरवत राहा. अस्तर बारीक छापाचं आणि दोरा त्याच रंगाचा घ्या. एकरंगी अस्तरावर एकूण एक टाका चुगली करतो.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

मोठ्या गोलाईवर करून पाहिलं, चुणी गेली! आता नवीनच. उलटवल्यावर गोलाई गुळगुळीत दिसत नाही, जिथे काप दिले तिथे बारीक कोन दिसतात.

प्रतिसाद १

काप शिवणीच्या फार जवळ गेलेत. पुढच्या ब्लॉकला निम्मेच काप द्या, तेही उथळ. कापडाची वीण सैल असेल तर काप न देताही कड वळते, एका ब्लॉकवर करून बघा. आणि माया पाव वर्तुळाकडे दाबता की बाहेर, ते सांगा. बाहेर दाबली तर काप दिलेल्या कडेलाच उलटं वळावं लागतं.