मदत हवी आहे: विज्ञानाच्या बाईंचा सत्कार कसा करावा?

आमच्या आश्रमशाळेतल्या विज्ञानाच्या बाई मे महिन्यात निवृत्त होताहेत. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणी पाहून त्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन बसायच्या. काड्या ट्यूबने जोडून केलेला चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण तसाच राहतो, म्हणून पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण असतात, हे आम्ही पाड्यावरच्या पोरींनी स्वतःच्या हातांनी शिकलो. आज मी सिव्हिल इंजिनिअर आहे ती त्यांच्यामुळेच.

नुसती शाल-श्रीफळ नको वाटतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत त्यांच्या नावाने प्रयोगांचा कोपरा सुरू करायचाय. ४० हजार जमलेत. दुर्बीण घ्यावी की दोन-तीन सूक्ष्मदर्शक? वस्तू देण्यासाठी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.