मदत हवी आहे: प्रोटॉनचं वजन नववीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी मालवणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या कोलायडरबद्दल (कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राबद्दल) सांगताना प्रोटॉनमधले तीन क्वार्क, म्हणजे तो ज्यांचा बनतो ते कण, आले, आणि एका मुलीने विचारलं, "बाई, तिघांचं मिळून प्रोटॉनएवढं वजन भरतं?"

नाही भरत! जेमतेम १ टक्का. बाकी जवळजवळ सगळं क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेचं. किती नेमकं विचारलं तिने!

क्वार्क लांब ओढले तरी त्यांच्यातली ओढ सैल पडत नाही, हे रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) दोर ताणून दाखवलं. ते लगेच पटलं, किनाऱ्यावर दोर ओढलेली पोरं ती. पण ऊर्जेचं वजन होतं कसं, याला दाखला सुचत नाहीये. गणित न आणता, पण चुकीचंही न शिकवता, कोणी सांगेल का? शुक्रवारी पुढचा तास आहे.