सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं नाही

"सगळे धोके सांगितले तर पेशंट घाबरेल, म्हणून थोडक्यात आटोपावं" असं उपचारासाठी संमती घेताना काही डॉक्टर म्हणतात. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमधल्या मॉन्टगोमेरी खटल्यात नेमकं हेच झालं होतं. बाई मधुमेही, चणीने लहान. अशा बाळंतपणात बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के. पण सांगितलं तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टर बोलल्याच नाहीत. खांदा अडकलाच आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायलाच हवा. इतर डॉक्टर काय सांगतात, हा निकष नाही.

माझ्या वडिलांपुढे संमतीचा फॉर्म आला तेव्हा ते स्ट्रेचरवर होते आणि त्यांचा चष्मा माझ्या पिशवीत. नर्सने बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. "कशावर केलीत?" विचारलं तर म्हणाले, "सगळेच करतात ना!" ते आठवलं की अजून जीव तुटतो.

डॉक्टर मंडळींना कळकळीने सांगते, "समजलं ना?" असं विचारू नका, त्याला सगळेच मान डोलावतात. "घरी गेल्यावर हे कसं समजावून सांगाल?" असं विचारा. याला टीच-बॅक म्हणतात. काय डोक्यात शिरलं नाही ते दोन मिनिटांत कळतं. आणि हो, ऑपरेशन न करण्याचाही पर्याय असतो, तोही सांगा.